रानडुकरांच्या पट्ट्यात कुत्रं सांभाळताना

आमच्या बिजली कुत्रीच्या उजव्या बगलेत एक पांढुरका वण आहे. तिथं केस परत उगवलेच नाहीत. मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला आमची वस्ती. खाली ऊस आणि मका, वर माळाच्या तुकड्यात ज्वारी. जे नव्यानं शेतात राहायला आलेत, ज्यांनी पहिल्यांदाच कारवान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलंय आणि रात्री मक्यात खसफस झाली की "छू" म्हणायला ज्यांची जीभ शिवशिवते, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. वणाची गोष्ट पुढं येईलच.

आधी कुत्र्याचं काम ठरवा

काम एकच, वर्दी द्यायचं. काही हललं, वेगळा वास आला की भुंकून माणसाला उठवायचं. पुढचं माणसानं बघायचं: बॅटरी, पत्र्याचा डबा, आरडाओरडा. डुकराला अडवणं, कान धरणं, फडात घुसून हुसकावणं यातलं काहीच कुत्र्याकडून करून घ्यायचं नाही. प्रत्येक गावात एखादा तरी भेटतो, जो "आमच्या वाघ्यानं एकट्यानं डुक्कर लोळवलं" असं पारावर बसून सांगतो. त्याला एवढंच विचारा, वाघ्या आता कुठाय?

यात कायदाही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पाठलाग करणं, हाकून नेणं, फासा लावणं, आमिष टाकणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. म्हणजे डुकरावर कुत्री सोडली, तर डुक्कर निसटलं तरी गुन्हा होऊ शकतो. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पिकाची नासाडी फार होत असेल तर वन विभागाकडं लेखी अर्ज करता येतो. मिळालेल्या परवानगीत जे आणि जेवढं लिहिलंय तेवढंच करायचं. नुकसानीचा अर्ज तीन दिवसांच्या आत द्या, पंचनाम्याआधी रान नांगरून टाकू नका. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा.

नान्नजकडची मंडळी असाल तर आणखी एक. माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं आहे आणि तिथल्या गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, काळवीट, लांडगे आहेत. त्या हद्दीत कुत्रं मोकळं सोडूच नका, डुक्कर असो की नसो.

डुक्कर ओळखा

वाढलेला नर १०० किलोच्या आसपास भरतो, काही त्याच्याही वर जातात. आपलं कारवान २० ते २८ किलोचं. नराचे खालचे सुळे आयुष्यभर वाढत राहतात आणि वरच्या आखूड सुळ्यांवर घासून त्यांना सतत धार लागते. विळा रोज दगडावर घासावा तसं. तो मान खाली घालून येतो आणि समोरच्यापाशी पोचला की थोबाड झटक्यात वर उचलतो. म्हणून कुत्र्याला लागतं ते छातीला, बगलेत, पोटाला, जांघेत, नाहीतर गळ्याला. पाठीला क्वचितच.

मादीचे सुळे छोटे असतात, म्हणून तिला हलक्यात घेऊ नका. ती चावते आणि चावून ओढते. पिल्लं सोबत असतील तर नर जिथं पळून जाईल तिथं मादी उलटून येते. कळपात बहुतेक माद्या आणि पिल्लंच असतात; मोठे नर एरवी एकटे फिरतात. बॅटरीच्या उजेडात पाच-सात लहान-मोठी डुकरं दिसली आणि आपलं कुत्रं त्यांच्या मधोमध उभं असलं, तर तिथंच थांबा, कुत्र्याला शिट्टीनं बोलवा. डुकरांकडं धावू नका. त्यांना जायला एक बाजू मोकळी असलीच पाहिजे.

अंगावर यायच्या आधी डुक्कर बहुतेक वेळा सांगतं. पाठीच्या कण्यावरचे राठ केस उभे राहतात, दात करकर वाजतात, तोंडाला फेस येतो, नाकातून जोरात फुस निघते. हे ऐकू आलं म्हणजे कुत्रं आधीच फार जवळ गेलंय.

पण खरा अभ्यास दिवसा करायचा. सकाळी बांधानं एक चक्कर मारा. ओल्या मातीत दोन टोकदार खुरांचे ठसे आणि त्यांच्या मागं, जरा बाहेरच्या बाजूला, दोन बारके ठिपके दिसले तर डुक्कर. शेळी-मेंढीच्या ठशात ते मागचे ठिपके सहसा उमटत नाहीत. उकरलेली जागा उथळ नांगर फिरवल्यासारखी दिसते. माती आतून ओली आणि काळी असेल तर काल रात्रीची, वरून पांढरी पडली असेल तर जुनी. ओढ्याकडच्या वेड्या बाभळींच्या बुंध्यांवर गुडघ्याच्या उंचीला वाळका चिखल दिसला, तर लोळून येऊन अंग घासायची ती त्यांची जागा आहे. आठवडाभर बघितलंत तर कळेल की डुकरं रोज बहुधा एकाच वाटेनं येतात. ती वाट कळली की रात्री कुत्रं कुठं ठेवायचं नाही, ते आपोआप ठरतं.

मका दुधात आला, भुईमुगाच्या शेंगा भरल्या की त्यांची ये-जा वाढते. ऊस मात्र त्यांना नुसता खायला नको असतो, त्यांना त्यात राहायचं असतं. उजनीचं पाणी कालव्यानं आलं, जिरायत रानात बारमाही गारवा आला आणि दिवसा लपायला डुकरांना दहा-बारा फुटांचं जंगल आयतं मिळालं.

कुत्रं कोणतं आणि किती

कारवान, पश्मी ही आपल्या भागाची शान, त्यात वाद नाही. पण ही कुत्री नजरेनं धावणारी. माळावर, उघड्यावर, लांबचं हललेलं टिपायचं आणि वाऱ्यासारखं सुटायचं, यासाठी त्यांची बांधणी आहे. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, छाती खोल. डुकराच्या सुळ्यापुढं ती कातडी कागदासारखी फाटते. उसाच्या सरीत तर त्यांचा वेग काही कामाचा नाही, वळायलाच जागा नसते.

माझं मत विचाराल तर वस्तीच्या राखणीला गावठी कुत्री उत्तम. सावध, भुंकरी, अंगापुरतं भ्यायला जाणणारी. भ्यायला जाणणं हा राखणीच्या कुत्र्याचा गुण आहे. कारवान ठेवायचंच असेल तर ठेवा, मीही ठेवलंय. पण त्याला रात्री मोकळं सोडू नका.

संख्या दोन पुरे. तीन-चार झाली की कुत्र्यांची टोळी होते आणि टोळीत सगळ्यात भित्रं कुत्रंही वाघ होतं. कुत्री माजावर असताना आजूबाजूचे पाच-सहा कुत्रे वस्तीवर जमतात आणि ती सगळी मिळून रात्री कुठं उधळतील सांगता येत नाही. त्या दिवसांत तिला आतच ठेवा.

शिकवणं

सगळ्यात महत्त्वाचं शिकवणं म्हणजे बोलावल्यावर परत येणं. बाकी काही नाही शिकवलं तरी चालेल.

पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं झालं की सुरू करा. एक शिट्टी घ्या, नेहमी तीच. तोंडानं वाजवलेली शिट्टी माणसागणिक बदलते, म्हणून विकतची बरी. रोज खायला घालायच्या आधी दोनदा वाजवायची आणि मगच ताट खाली ठेवायचं. आठ-दहा दिवसांत शिट्टी म्हणजे भाकरी, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. मग अंगणात, मग बांधावर, मग दहा मीटरची दोरी पट्ट्याला बांधून रानात. शिट्टी वाजली आणि आलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. नाही आलं तर दोरी हळू ओढून जवळ घ्यायचं, तरीही तुकडा द्यायचाच.

इथं नवखी माणसं हमखास चुकतात. कुत्रं दहा हाका मारल्यावर येतं आणि आपण रागानं त्याच्या पाठीत एक घालतो. कुत्र्याच्या हिशेबात मार बसला तो येण्याबद्दल. पुढच्या खेपेला ते येईलच कशाला? कितीही उशिरा आलं तरी "शाब्बास" म्हणायचं आणि राग गिळायचा.

दोरीवर महिनाभर बिनचूक आलं की शेळ्या, कोंबड्या, बोका यांच्यासमोर तीच परीक्षा घ्या. कारवानाच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा. त्याची नजर एकदा धावत्या गोष्टीवर बसली की कान बंद होतात, मग शिट्टी वाजवून उपयोग नसतो. त्याच्या आधीचा क्षण पकडायचा असतो: कान टवकारतात, मान लांब होते, पुढचा एक पाय उचललेला राहतो. तेवढ्यात शिट्टी गेली पाहिजे.

आणि "छू" हा शब्द घरातून काढून टाका. पोरं गंमत म्हणून मांजरावर, भिकाऱ्यावर, दुसऱ्याच्या कुत्र्यावर "छू" करतात. आपल्या कुत्र्याला तो शब्द माहीतच नसावा.

पट्टा, कवच, घुंगरू

धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा बघून बरेचजण तसाच आणतात. तो लांडग्या-बिबट्यासाठी आहे, कारण ते गळा धरतात. डुक्कर खालून येतं, तिथं त्याचा उपयोग थोडा आणि उसात, तारेत अडकायचा धोका मोठा. रुंद, जाड, दुपदरी पट्टा बरा. बक्कल एका हातानं सुटलं पाहिजे.

छाती-पोटाला झाकणारी कवचं ऑनलाइन मिळतात, काहीजण जाड ताडपत्रीची शिवून घेतात. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४२-४३ च्या वर जातो. अशा हवेत कुत्र्याला ताडपत्रीत गुंडाळणं म्हणजे डुकरापासून वाचवून उष्माघाताला देणं. थंडीच्या दिवसांत, दोरीवर फिरवताना घालायचं तर घाला. पण कवच घातलंय म्हणून कुत्रं पुढं सोडायचा मोह होत असेल तर ते खुंटीलाच टांगलेलं बरं. पट्ट्याला घुंगरू किंवा लुकलुकणारा लाल दिवा लावला तर रात्री कुत्रं कुठं आहे ते कळतं.

रात्रीची व्यवस्था

पिकाच्या कडेला खुंटी ठोकून कुत्रं साखळीनं बांधायचं, म्हणजे डुकरं येणार नाहीत, ही आपल्याकडची जुनी रीत. मला ती सगळ्यात वाईट वाटते. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. वर्दी तर देतं, पण डुक्कर त्याच्याच वाटेवर आलं तर बिचारं साखळीच्या लांबीत फिरत राहतं. आणि आता बिबट्याही आहे. २०२० च्या अखेरीला करमाळा तालुक्यानं बिबट्यापायी काय भोगलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

घराला लागून जाळीचा, वरून झाकलेला, सहा बाय आठ फुटांचा खुराडा करा. तोंड डुकरांच्या वाटेकडं. कुत्र्याचं नाक आणि कान जाळीतूनही तेवढंच काम करतात. ते भुंकलं की माणसानं उठायचं, एकट्यानं नाही, दोघांनी. बॅटरी पेटवायची, डबा वाजवायचा आणि लांबूनच. कुत्र्याला सोबत घ्यायचं असेल तर दोरी हातात आणि कुत्रं मांडीला चिकटून. मालक मागं आहे म्हटल्यावर कुत्रं दुप्पट धीट होतं, हे विसरू नका.

कुंपणाच्या तारेला झटका मशीन बसवत असाल तर चांगलंच आहे. त्याचा धक्का क्षणभराचा असतो, बसतो पण जीव घेत नाही. कुत्र्याला एकदा दिवसा, दोरीवर, तारेची ओळख होऊ द्या. मात्र खांबावरून सरळ वीज तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात डुकराआधी कुत्रं, गुरं, नाहीतर पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस मरतो.

ऊसतोड: इथं सगळ्यात जास्त कुत्री जखमी होतात

तोड सुरू झाली की तोडणी मजुरांची टोळी एका बाजूनं फड कापत येते. डुकरं आत असतात, ती उरलेल्या उसात मागं-मागं सरकतात. एकराचा अर्धा एकर होतो, मग दहा गुंठे, मग चार सऱ्या. शेवटी त्या चार सऱ्यांमध्ये तीन-चार डुकरं दाटीनं बसलेली असतात आणि बाहेर कोयत्यांचा आवाज, ट्रॅक्टर, माणसं. कुठल्यातरी एका क्षणाला ती फुटतात. त्या वाटेत जे येईल त्याला उडवतात.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्याकडं असंच झालं. शेवटच्या सऱ्या राहिल्या होत्या, मी चहा घेऊन गेलो आणि बिजली माझ्यामागं आली. दोरी मी घरी ठेवली होती, "दिवसाढवळ्या काय होतंय" म्हणून. नर फुटला तो तिच्या अंगावरूनच गेला. सगळं मिळून दोन सेकंद. ती उठली, अंग झटकलं, शेपूट हलवत माझ्याकडं आली. बगलेत दोन बोटं मावतील एवढं भोक, रक्त फारसं नाही. टोळीतल्या एका आजीनं हळद दिली, मी ती दाबली आणि ट्रॉली भरायच्या मागं लागलो.

संध्याकाळी तिनं भाकरीकडं बघितलं नाही. छातीवरून हात फिरवला तर कातडीखाली कुरकुर वाजलं, कडक भाकरी बोटानं हलकेच दाबावी तसं. ती कातडीखाली शिरलेली हवा होती. रात्री मोटारसायकलवर मागं पोराच्या मांडीत तिला घालून सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी केस कापले, भूल दिली आणि त्या दोन बोटांच्या भोकातून त्यांचा पंजा आत गेला. कातडी बरगडीपासून सुटून मागं पोटापर्यंत पोकळ झाली होती, स्नायू आडवा फाटलेला. हळद आणि उसाचं पाचट आत. सगळं धुऊन, पदर-पदर शिवून, पाणी बाहेर यायला नळी ठेवून दीड तास गेला. "सकाळीच आणायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून आमचा नियम: तोडीच्या दिवशी कुत्री घरात, दार बंद. टोळीची स्वतःची कुत्री असतात, त्यांच्या कोप्यांपाशी, म्हणजे झोपड्यांपाशी फिरतात. मुकादमाला आदल्या दिवशीच सांगून शेवटचा पट्टा कापताना ती बांधायला लावायची. उरलेल्या सऱ्यांना माणसांनी चारही बाजूंनी वेढायचं नाही. ओढ्याकडची किंवा शेजारच्या उभ्या पिकाकडची एक बाजू पूर्ण मोकळी सोडायची.

जखम झाली तर

डुकराची जखम वरून दिसते त्याच्या कितीतरी पट आत असते, हे एव्हाना कळलंच असेल. भोक लहान असो की मोठं, त्याच दिवशी डॉक्टर. तिथं पोचेपर्यंत काय करायचं ते असं.

आधी तोंड बांधा. जिवापाड माया करणारं कुत्रंही वेदनेत चावतं. बैलाची मुसकी उपयोगाची नाही. ओढणी किंवा बँडेजची पट्टी नाकाडावर एक वेढा, हनुवटीखाली गाठ, कानांमागं दुसरी गाठ. मात्र श्वासाला त्रास होत असेल, उलटी होत असेल, तर तोंड बांधायचं नाही.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहातानं दाबा. पाच मिनिटं, घड्याळ लावून. मधेच उचलून बघायचं नाही, बघितलं की धरलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा. कसून दोरी आवळणं टाळा, पाय जायची वेळ येते.

छातीच्या भोकातून श्वासासोबत सूं-सूं आवाज येत असेल, बुडबुडे येत असतील, तर हवा आत शिरतेय. स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा त्यावर ठेवा, तीन बाजूंनी चिकटपट्टी लावा, चौथी मोकळी. जखमेची बाजू खाली येईल असं झोपवा आणि निघा.

पोट फाटून आतडं बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका, धुवायला नळाखाली धरू नका. सलाइननं भिजवलेलं स्वच्छ फडकं त्यावर, वरून सैल गुंडाळा. कुत्र्याला ते चाटू देऊ नका. पाणी, दूध, औषध काहीच पाजायचं नाही, भूल द्यावी लागणार असते.

हळद, चुना, तंबाखू, कॉफी, पेट्रोल, ऑइल यांतलं काहीही जखमेत घालायचं नाही. मी घातली होती, तिचे हाल बघितलेत. आणि घरातली दुखायची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही माणसांची औषधं कुत्र्याच्या यकृताचं, पोटाचं, मूत्रपिंडाचं नुकसान करतात.

हिरडी बघायला शिका, आजच, कुत्रं ठणठणीत असताना. वरचा ओठ उचला, हिरडी बोटानं दाबा, पांढरी होईल, सोडल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. जखमी कुत्र्याची हिरडी आधीच पांढुरकी असेल किंवा रंग यायला वेळ लागत असेल, तर रक्त आतल्या आत जातंय. बाहेर थेंब दिसत नसला तरी. त्याला घोंगडीत गुंडाळा, फळीवर किंवा पोत्याची झोळी करून दोघांनी उचला.

कारवान किंवा पश्मी असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. या जातीच्या कुत्र्यांना काही भुलीची औषधं जास्त चढतात, शुद्धीवर यायला वेळ लागतो. डॉक्टरांना माहीत असतंच, पण रात्री घाईत सांगितलेलं बरं. जवळ कुणीच नसेल तर १९६२ वर फोन करून विचारा; ती सेवा मुख्यतः गुरांसाठी आहे, तरी जवळ कोण डॉक्टर आहे एवढं तरी कळू शकतं.

रेबीजचं विसरू नका. लस झालेली असली तरी रानटी जनावराच्या चाव्यानंतर कुत्र्याला लगेच वाढीव डोस लागतो. त्याच्या जखमेतली लाळ तुमच्या हातावरच्या ओरखड्याला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन या. तशीही दरवर्षीची लस, आणि तीच वेळ साधून डिस्टेंपर-पार्व्हो-लेप्टो या रोगांची, चुकवू नका. ओढ्यातल्या डबक्यात डुकरं लोळतात आणि कुत्री तेच पाणी पितात, लेप्टो अशाच पाण्यातून लागतो.

एका डब्यात हे भरून ठेवा: रोलर बँडेज चार, कापसाचे जाड पॅड, सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली, पोव्हिडोन आयोडीन, चिकटपट्टी, बोथट कात्री, चिमटा, थर्मामीटर, स्वच्छ प्लास्टिकच्या दोन पिशव्या, जुनी ओढणी. डब्याच्या झाकणाच्या आतून डॉक्टरांचा नंबर लिहा. फोन बंद पडलेला असतो नेमका.

डुकरासाठी लावलेलं, कुत्र्याला लागलेलं

आमच्याकडं डुकराच्या सुळ्याइतकीच कुत्री माणसाच्या उद्योगानं जातात. मोटारसायकलच्या क्लच वायरचे फासे कुंपणाच्या भोकात लावलेले असतात. कुत्रं रात्री आलं नाही तर सकाळी आधी कुंपणं बघा, आणि जाताना पक्कड घेऊन जा. फाशातून सुटलेल्या कुत्र्याच्या गळ्यावर नुसता वळ दिसतो, सूज दुसऱ्या दिवशी येते. पिठाच्या गोळ्यात बारूद भरून ठेवणारेही आहेत. कुत्र्यानं दाबला की जबडाच जातो. कुठं असं काही दिसलं तर हात न लावता वन विभागाला कळवा.

दाणेदार कीटकनाशक कालवलेलं पीठ खाल्लं असेल तर तोंडातून लाळेची धार लागते, अंग थरथरतं, बाहुल्या बारीक होतात, हगवण लागते. मिठाचं पाणी पाजून ओकवायचा प्रयत्न करू नका. पाकीट सापडलं तर ते घेऊन दवाखान्यात पळा, याला उतारा असतो, पण वेळेत पोचलात तर.

ऊन हा आणखी एक शत्रू. मार्चनंतर उसात वारा नसतो आणि दमट असतं. कुत्रं पाठलाग करून आलं, जीभ रुंद होऊन बाहेर लोंबतेय, लाळ घट्ट झालीय, पाय लटपटतायत, तर ताप मोजा. कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ असतो. १०४ च्या वर गेला की सावलीत घ्या, साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओता, वारा घाला. बर्फ नको. १०३ वर आला की ओतणं थांबवून दवाखाना गाठा.

बरं होत असताना

टाके १० ते १४ दिवस राहतात. चाटू नये म्हणून गळ्यात घालायची टोपी मिळाली नाही तर प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापून चालतं. बिजलीनं ती तीन वेळा दारात अडकवली. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या पडतात, म्हणून ते दिवस मच्छरदाणीखाली. जखमेला वास आला, सूज गरम लागली, खाणं सुटलं तर तारखेची वाट बघू नका.

टाके निघाले तरी आणखी महिनाभर दोरीवरच. एकदा मार खाल्लेली कुत्री दोनपैकी एका वाटेनं जातात. काही डुकराचा वास आला तरी खाटेखाली शिरतात, काही सूड घ्यायला निघाल्यासारखी पिसाळतात. दुसऱ्या प्रकाराला परत शिट्टीपासून सुरुवात करावी लागते, पिल्लू असल्यासारखी. बिजली दुसऱ्या प्रकारातली निघाली. आता ती खुराड्यातून भुंकते, अगदी घसा बसेपर्यंत, आणि मी उठून डबा वाजवला की माझ्याकडं असं बघते, की एवढ्यानं काय होणार.